अकरा नंबरचं कार्ड

३ मार्च, मंगळवार

एकोणचाळीस कार्डं झाली. एक राहिलं, अकरा नंबरचं. राहिलं कसलं, ठेवलंय.

मुख्य मॅडम आज टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. ‘दहा एप्रिलला दालन उघडायचंय. छापखान्याला एकतीस तारखेपर्यंत सगळी कार्डं हवीत. अकराचं काय?’ बघतो म्हटलं. ‘बघताय कधीपासून!’ त्यांचंही बरोबर आहे. संग्रहालयाच्या नव्या दालनात चाळीस बंदुका लागणार. आमच्या कारखान्याच्या चाचणी-शेडमध्ये बनल्या, तपासल्या गेल्या आणि सैन्यात कधीच गेल्या नाहीत अशा. मी त्याला नापासांचा वर्ग म्हणतो. वर्गशिक्षक मीच. पुसणं, तेल देणं, खोलणं, जोडणं, आणि प्रत्येकीसमोर ठेवायचं आठ ओळींचं कार्ड लिहिणं.

अकरा नंबरने आमच्या बाबांचा उजवा डोळा घेतला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आता त्रेपन्न. आठ ओळी जमत नाहीत.

शाई फरफटली पुन्हा. डावखुऱ्याने शाईचं पेन वापरू नये असं बायको दरवर्षी नवी वही आणताना सांगते. दरवर्षी मी तेच पेन वापरतो आणि दरवर्षी डाव्या हाताची करंगळी निळी.

५ मार्च, गुरुवार

टाळाटाळ चालू. आज तेवीस नंबर पुसली, जिला काहीही झालेलं नाही.

तेवीस म्हणजे बिनपितळेची. काडतुसाला पितळी टोपण नाही, दारूचीच वडी, तिच्या पोटात गोळी. वजन कमी, रिकामी टोपणं उडायची भानगड नाही. कागदावर सोन्यासारखी! पण पितळ उडताना नळीतली उष्णता बरोबर घेऊन जातं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शंभर गोळ्यांनंतर ती आपली आपण झडायला लागली. चाप नको, जवान नको. तिच्या शेजारी सतरा नंबर, गोळीऐवजी सुईसारखे पोलादी बाण सोडणारी. कोरड्या हवेत अफलातून नेम. पाऊस पडला की बाण कुठे जायचे ते बाणांनाच ठाऊक.

मला या नापासांचा लोभ आहे. पास झालेल्या बंदुका सगळ्या एकसारख्या. नापासांत प्रत्येकीत कुणाचं तरी डोकं चाललेलं दिसतं, आणि कुठे चालायचं थांबलं तेही.

सगळ्या मात्र उजव्यांसाठी. नोकरीला लागलो तेव्हा मला नेमबाज व्हायचं होतं, बाबांसारखं. पहिल्याच दिवशी तापलेली टोपणं माझ्याच तोंडावर. ‘डावखुरा? मग वर्कशॉपात जा,’ साहेब म्हणाले. गेलो.

८ मार्च, रविवार

घरी. बाबांच्या ट्रंकेचं कुलूप बिघडलंय. पुन्हा. एक्याऐंशी वर्षांचा माणूस कुलपाला शिव्या देतो, त्याही ठरलेल्या. ‘मी बघू का?’ म्हटलं तर म्हणाले, ‘तुझ्या बापाला जमत नाही ते तुला काय जमणार.’ मग ते खिशात टाकून कुठेतरी दुरुस्तीला घेऊन गेले. हे असं माझ्या लहानपणापासून चालू आहे. ती ट्रंक उघडी ठेवली तरी चोर आत काही टाकून जाईल अशी.

ते बाहेर गेल्यावर मी अकराच्या अहवालाची प्रत वाचली. शेवटच्या चार ओळी मला पाठ आहेत, तरी वाचल्या.

‘बोल्टचे तोंड चुकीच्या स्थितीत बसले होते. अटकाव पिन मर्यादेपेक्षा कमी केलेली आढळली. ती आपण परस्पर कानशीने कमी केल्याचे फिटरने मान्य केले. चाचणीपूर्वी बोल्ट आपल्या टेबलावरून हललेला नाही, असेही त्याने लेखी दिले आहे.’

खाली सही. गेजकाकांची.

शेडमध्ये सगळे त्यांना गेज म्हणत. खिशात कायम मापाची पट्टी, केसाएवढा फरकही चालायचा नाही. बाबांचे जिवलग. आमच्याकडे आले की मला खांद्यावर घेत. अपघातानंतर त्यांना काढून टाकलं. आई मरेपर्यंत त्यांचं नाव उच्चारायची नाही, ‘तो’ म्हणायची. मीही. बारा वर्षांचा असताना त्यांच्या कुलपांच्या दुकानावर जाऊन पाटीवर दगड मारला होता मी. ते बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं. पळायचंसुद्धा सुचलं नाही मला. तसेच आत गेले.

११ मार्च, बुधवार

आज अकरा खोलली. इतकी वर्षं फक्त वरून पुसत होतो.

आपल्या नेहमीच्या रायफलीला गोळी भरताना चार हालचाली लागतात: बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, उचला, ओढा, ढकला, दाबा. अकराला दोनच. सरळ मागे ओढा, सरळ पुढे ढकला. पुढे जाताना बोल्टचं तोंड आपलं आपण फिरतं आणि खाचांत अडकून घट्ट बसतं. ज्याने कुणी काढली त्याला मानलं पाहिजे. पण साफसफाईसाठी तोंड वेगळं काढावं लागतं, आणि परत बसवताना ते एकाच स्थितीत बसवायचं. अर्धा फेरा चुकलात तरी बोल्ट आत जातो, बंद झालेला दिसतो, आणि घट्ट झालेला नसतो. गोळी झाडली की तो सगळा लोखंडी तुकडा मागे येतो, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर.

म्हणून तिथे एक पिन आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. तोंड चुकीचं बसलं की पिन अडते, बोल्ट आत जातच नाही. माणूस चुकणार हे धरून चालणारी पिन. मला सगळ्या बंदुकीत तीच आवडते.

अकराची पिन अर्धीच आहे.

भिंगातून पाहिली. तिरपे ओरखडे, जाडेभरडे, आणि प्रत्येक फटकाऱ्यात एक खोल रेघ. मग कपाटातून दहा आणि बारा काढल्या, तिच्या सख्ख्या बहिणी. त्याही गेजकाकांनीच जोडलेल्या. त्यांच्या पिना आरशासारख्या, कानशीनंतर दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. ज्या माणसाला केसाचा फरक चालत नव्हता त्याने अकरालाच एवढा गबाळेपणा का करावा?

आणखी एक. बोल्ट जोडताना माझे हात थांबलेच नाहीत. मी अकरा आयुष्यात पहिल्यांदा खोलली, आणि हातांना सगळं माहीत होतं.

१२ मार्च, गुरुवार

कसं माहीत होतं ते आठवलं.

सैन्याची अट होती: जवानाला डोळे बांधून वीस सेकंदांत बोल्ट खोलून पुन्हा जोडता आला पाहिजे. झालं! शेडमध्ये शर्यतच लागली. जेवणाच्या सुट्टीत डोळ्यांवर फडकं आणि हातात बोल्ट. बाबा सगळ्यांत पुढे, अकरा सेकंद. सरावाला घरीही एक बोल्ट असायचा. भंगारातला आहे म्हणायचे. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरायचे, स्टॉपवॉच माझ्या हातात. मग माझी पाळी. मी वीस, अठरा, सोळा. मग एकदा नऊ! बाबांना हरवलं! त्यांनी स्टॉपवॉच कानाशी धरून हलवून पाहिलं, आईला हाक मारली, ‘अगं, हा बघ काय करतोय!’ मला उचलून छताला लावलं होतं. आयुष्यात बाबा माझ्यावर इतके खूश पुन्हा कधी झाले नाहीत.

बरेच दिवस ती आठवण काढली नव्हती. आज दिवसभर बरं वाटत होतं.

१४ मार्च, शनिवार

गेजकाकांची मुलगी आली होती. तिलाच मॅडमनी पत्र पाठवलं होतं, दालनासाठी जुने फोटो असतील तर द्या म्हणून. फोटो नाही आणले. दुकान आता तीच चालवते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बोटं काळी, नखं कापलेली. लहानपणी आमच्या अंगणात खेळायची. आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हटलं.

‘कार्डावर अप्पांचं नाव येणार का?’

‘नाव नाही. ‘फिटर’ असं येईल.’

‘एकच फिटर होता.’

मग म्हणाली, काढून टाका असं म्हणायला आले नाहीये, त्यांनी केलं असेल तर केलं. पण मला एकदा बघू द्या. दाखवायला नको होतं, नियमात बसत नाही. दाखवलं. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि बोल्ट फिरवून फिरवून पाहिला.

‘हे अप्पांचं नाही.’

‘सही आहे त्यांची.’

‘सही त्यांची असेल. काम नाही. तेरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून कानस मारायला शिकलेय मी. चुकीचं काम करायचं असतं तरी त्यांनी ते नीट केलं असतं.’

मरताना तरी काही बोलले का, मी विचारलं. नाही म्हणाली. तिच्या आईने विचारून विचारून विचारणं सोडलं. एकदाच तिला म्हणाले होते, ‘माझं काही गेलं नाही, दुकान बरं चाललंय.’

ती गेल्यावर चहा तसाच राहिला दोन्ही कपांत.

१५ मार्च, रविवार

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

स्वयंपाकघरातल्या खणात एक कानस आहे. आईच्या वेळची. सुरीला धार लावायला, दाराची कडी अडली तर, सगळ्याला तीच. सकाळी ही सुरीला धार लावत होती आणि करवादली, ‘या कानशीचा एक दात मोडलाय, पात्यावर रेघ ओढते. टाकून द्या ना.’

एक खोल रेघ. प्रत्येक फटकाऱ्यात.

ही आंघोळीला गेली तेव्हा कानस पिशवीत टाकली आणि रविवार असून कामावर गेलो. पिन खाचेत आत आहे, कानस तिथे एकाच बाजूने शिरते. तसाच एक भंगार तुकडा तयार केला, तशीच खाच, तशीच पिन. बोल्टसारखाच हातात धरला. दहा फटकारे मारले. भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवले.

हुबेहूब! तेच ओरखडे, तोच तिरपेपणा, तीच रेघ त्याच अंतरावर. इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं.

म्हणजे पिन आमच्या घरात घासली गेली.

१७ मार्च, मंगळवार

रजिस्टर काढलं. या प्रकारचे बोल्ट एकूण तीनच बनले. दहा, अकरा, बारा. भंगारात एकही गेला नाही.

घरातला ‘भंगारातला’ बोल्ट अकराचाच होता. बाबा तो जेवणाच्या डब्यातून आणायचे आणि सोमवारी परत न्यायचे. चाचणीतल्या हत्याराचा भाग फाटकाबाहेर! त्या काळी यासाठी माणूस तुरुंगात जायचा, नुसता कामावरून नाही. आणि पिन अडते म्हणून सेकंद जातात. अकरा सेकंदांचे नऊ करायचे तर पिन कमी करायची. साधा हिशेब.

मग चाचणीचा दिवस. साहेबांसमोर डोळे बांधून बाबांनीच बोल्ट खोलला, बाबांनीच जोडला. टाळ्या पडल्याचं अहवालातसुद्धा आहे. मग फडकं सोडून नेम धरला. तोंड अर्धा फेरा चुकलं होतं. अडवायला पिन नव्हती.

आणि गेजकाकांनी लिहून दिलं, बोल्ट माझ्या टेबलावरून हललाच नाही.

मला ही नोकरी बाबांच्या डोळ्याच्या बदल्यात मिळाली. ‘कर्तव्यावर जखमी झालेल्याचा मुलगा.’ तेहेतीस वर्षं.

२० मार्च, शुक्रवार

विचारलं.

बाबा खिडकीशी बसून पेपर वाचत होते, कागद नाकाला लावून. मी समोर कानस ठेवली. म्हटलं, अकरा नंबरची पिन हिने घासलीय. त्यांनी पेपर खाली केला. कानशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, कितीतरी वेळ, त्या एका डोळ्याने. मला वाटलं ओरडतील.

‘हो,’ म्हणाले. ‘मीच घासली.’

बस्स. एवढंच. तयारच होते जणू.

मी बोलत सुटलो. काय काय बोललो! तुमच्यासाठी त्या माणसाचं आयुष्य गेलं, आई त्याला शिव्या देत मेली, तुम्ही ऐकत बसलात. मी त्याच्या पाटीवर दगड मारला, माहितीये तुम्हाला? ‘माहितीये,’ म्हणाले. ‘त्याने सांगितलं होतं.’ कधी? कुठे? उलट म्हणाले, ‘कार्डावर लिही. माझं नाव घाल. नुसतं ‘नेमबाज’ नको, पूर्ण नाव. आणि मोठ्या अक्षरात घाल, मला एकाच डोळ्याने वाचायचंय.’

विनोद करायचा सुचला त्यांना! मी उठून बाहेर गेलो.

२१ मार्च, शनिवार

त्यांच्याशी बोललो नाही.

२२ मार्च, रविवार

आजही नाही. ताट समोर ठेवतो, उचलतो.

ही म्हणाली, ‘तुमचं काहीतरी चुकतंय.’ माझं? ‘बाबांनी आजवर कुठली चूक कबूल केलीय? पत्त्यात हरले तर पत्ते खराब होते म्हणतात. मागच्या वर्षी दूध उतू गेलं ते गॅसमुळे. आणि एवढी मोठी गोष्ट एका दमात ‘हो मीच’? माझ्या तर गळी उतरत नाही.’ म्हटलं, म्हातारपण आहे, ओझं झालं असेल. ‘असेल बाई,’ म्हणाली आणि भांडी घासायला लागली, जरा जोरातच.

तिला सुनेचं प्रेम आहे. मला मुलाचं होतं.

२५ मार्च, बुधवार

कार्ड लिहिलं. आठ ओळी, अर्ध्या तासात. राग असला की भाषा सोपी होते.

मॅडमना सगळं सांगितलं. कानस, तुकडा, रजिस्टर, कबुली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘तुम्हाला कळतंय ना, तुमची नेमणूकच या अपघातावर झालीय? वर कुणी विचारलं तर?’ म्हटलं विचारू दे. ‘आणि वडील या वयात...’ म्हटलं त्यांनीच सांगितलंय घाला म्हणून. ‘मग मी अडवणारी कोण,’ म्हणाल्या. जाता जाता खांद्यावर हात ठेवला. त्या असं कधी करत नाहीत.

सेवानिवृत्तीला पाच वर्षं आहेत. तरी  हलकं वाटतंय. खरं सांगायचं तर थोडं थोरही वाटतंय, आणि त्याची लाज वाटतेय.

२८ मार्च, शनिवार

कुलपांच्या दुकानात गेलो. पाटी तीच आहे! कोपऱ्यात पोचा आहे, माझ्या दगडाचा. त्यांनी बदलली नाही, तिनेही नाही.

सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा माझ्या अंगावर येईल. तिने हातातली किल्ली पूर्ण करून गिऱ्हाइकाला दिली, मग स्टुलावर बसली. ‘तुमचे वडील?’ म्हणाली. ‘नक्की?’ त्यांनीच कबूल केलं म्हटलं. ती काहीतरी मनात जुळवत होती, जुळत नव्हतं.

‘ते दर महिन्याला येतात इथे. तुम्हाला माहीत नाही?’

कशाला, मी विचारलं.

‘ट्रंकेचं एक कुलूप आहे त्यांचं. दर महिन्याला बिघडतं. बिघडतं कसलं, आत काडी घातलेली असते. अप्पा ती काढायचे, तेल द्यायचे, चहा मागवायचे. दोघं फारसं बोलायचे नाहीत. अप्पा गेल्यापासून मी काढते काडी.’

पंचेचाळीस वर्षं! आणि मी समजत होतो की ते एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

‘अप्पा एकच विचारायचे दर वेळी. ‘पोरगा काय करतो?’ तुमचे वडील सांगायचे. शाळेत पहिला आला, नोकरीला लागला, वर्कशॉपात घेतलं, हात चांगला आहे म्हणतात. अप्पा हे ऐकून असे खूश व्हायचे ना... मला राग यायचा लहानपणी. माझा नंबर कितवा ते त्यांना आठवायचं नाही.’

माझ्याबद्दल का? वाईट वाटत असेल, माझ्या बापाच्या डोळ्याचं. आपल्यामुळे नाही हे माहीत असूनही. अशी माणसं असतात, एवढंच वाटलं. निघताना ती म्हणाली, छापायच्या आधी ते कार्ड मला वाचायला मिळेल का? गुरुवारी येते म्हणाली. छापायला मंगळवारीच जातंय, पण प्रत दाखवीन म्हटलं.

३१ मार्च, मंगळवार

चाळीस कार्डं छापखान्यात गेली.

बाबांनी विचारलं, ‘गेलं का?’ गेलं म्हटलं. अकरा दिवसांनी त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द. ‘नाव घातलंस ना?’ घातलं. त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत मागे टेकले. काय सांगू, समाधान होतं चेहऱ्यावर. ज्याची अब्रू जाणार तो माणूस असा दिसतो? मग म्हणाले, ‘आता काही उकरत बसू नकोस. संपलं.’

हो म्हटलं. पान वाढलं त्यांचं. ही माझ्याकडे बघत होती.

२ एप्रिल, गुरुवार

ती आली. कार्ड दोनदा वाचलं. म्हणाली, तो तुकडा दाखवा. कानस मागितली. मी आणखी दोन भंगार तुकड्यांवर तशाच खाचा आणि पिना करून दिल्या; तिने एकावर दहा फटकारे मारले. भिंग घेतलं. मोडक्या दाताची रेघ बरोबर आली. पण ओरखडे अकराच्या उलट्या बाजूला झुकलेले. तिने तुकडा बदलला. पुन्हा उलटेच.

‘खाचेत कानस एकाच बाजूने जाते,’ म्हणाली. ‘उजव्या हाताने असेच येणार. अप्पा उजवे होते. तुमचे वडील?’

उजवे.

तिने कानस माझ्यापुढे ठेवली. मी उचलली, ज्या हाताने हे लिहितोय त्याच हाताने.

नऊ सेकंद.

छापखान्याला फोन केला. कार्ड थांबवलं. बाबांचं नाव काढून माझं घातलं. पुढे लिहिलं, वय वर्षे आठ.